सहीखालची ओळ

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे गॅसचा, बँकेचा, शाळेचा, कुठलाही फॉर्म मीच भरते, शेजारच्यांचाही. मला त्यातलं कळतं असं सगळे समजत होते. खरं सांगायचं तर मी कागद वाचत नसे. क्लार्कने पेन्सिलने फुली मारलेली असते, तिथे सही करायला सांगायचं, एवढंच मला येत होतं.

पप्पा अंबडच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं लेथवर होते. गेल्या वर्षी तो विभाग बंद झाला आणि अकरा जणांना हिशोबाला बोलावलं. पप्पा पन्नाशीचे. दुसरी नोकरी लगेच मिळेल असं कोणी म्हणत नव्हतं. भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळून जे येईल त्यावरच घर चालणार होतं.

कागद इंग्रजीत असेल म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. एचआरच्या साहेबांनी तीन पानं पुढे केली. तीन फुल्या होत्या.

मी म्हणाले, "पप्पा, इथं, इथं आणि इथं."

शेवटच्या सहीखाली तारीख घालून पप्पा आणखी काही लिहायला लागले. मी वाकून पाहिलं. 'रक्कम येणे बाकी.'

कारखान्यात पाळी संपली की जो तो जॉब कार्डवर सही करतो आणि खाली उरलेलं काम लिहितो, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला काम कुठे थांबलंय ते कळतं. बाकी लिहिल्याशिवाय पप्पांना सही पुरी झाल्यासारखी वाटत नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावरही त्यांनी एकदा सहीखाली 'गणित बाकी' लिहिलं होतं.

मला लाज वाटली. मी विचारलं, "सर, व्हाइटनर आहे का?"

साहेब फोनवर होते. "राहू दे," म्हणाले. शिक्का मारला आणि झेरॉक्स आमच्या हातात दिली.

पैसे आठ दिवसांत येणार होते. चार महिने झाले तरी आले नाहीत. फोन उचलणं बंद झालं. पप्पा म्हणायचे, "साहेब कामात असतील."

तेव्हा मी ती तीन पानं पहिल्यांदा वाचली. शब्दकोश घेऊन दोन तास लागले. पप्पा स्वखुशीने नोकरी सोडत आहेत, सगळी रक्कम त्यांना मिळाली आहे, कंपनीकडे आता काही येणं नाही, असं त्यात होतं. मी ते पप्पांना सांगितलं.

"मंग तू तिथं का नाय वाचलं?"

ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. दुसऱ्या दिवशी मी ती पानं घेऊन पप्पांना कामगार कार्यालयात नेलं.

तिथल्या मॅडम म्हणाल्या, "ग्रॅच्युइटी हा हक्क आहे. सही घेतली म्हणून तो जात नाही. पण पैसे मिळाले असं तुम्हीच लिहून दिलंय. ते हेच दाखवणार. सोबत कोणी शिकलेलं नव्हतं?"

"ही होती ना," पप्पा म्हणाले. "लय शिकलीय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि शेवटचं पान उलटलं. मग थांबल्या. "ही ओळ कोणी लिहायला सांगितली? वकिलांनी?"

"नाय मॅडम. पाळी संपली का लिहावंच लागतं."

त्यांनी अर्जाला पासबुकाची झेरॉक्स जोडायला लावली आणि कंपनीला नोटीस काढली. दोन तारखांना कोणी आलं नाही. तिसरीला एचआरचे साहेब आले. पैसे सहीच्या दिवशीच रोख दिले होते, म्हणाले, आणि मूळ कागद पुढे ठेवला. मॅडमनी पप्पांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाकी आहे असं लिहिलंय, त्याच्याशेजारी तुमचा शिक्का. मग नंतर दिल्याची पावती दाखवा."

साहेब म्हणाले, जरा फोन करून येतो. ते पुढच्या तारखेलाच परत आले. चेक घेऊन.

पोच इंग्रजीत होती. मी ती दोनदा वाचली, मोठ्याने, अडखळत. साहेब घड्याळ बघत होते. मग मी पप्पांकडे कागद दिला. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि खाली सावकाश लिहिलं, 'चेक मिळाला. वटणे बाकी.'

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी व्हाइटनर मागितला नाही.