स्वच्छ फाटलेला आवाज

आमच्या घरात वायरी साठतात तसे किस्सेही साठतात. वायरी निदान झाडू मारताना गोळा करता येतात! जूचंद्रच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत गिटारचे, काचेच्या वाल्व्हवाले अँप्लिफायर आमचे हे दुरुस्त करतात. आतल्या खोलीत आमची आठ महिन्यांची सई झोपते. बाहेर कितीही दणदणाट होवो, ही ढिम्म! शेजारणी म्हणतात, "किती गुणी बाळ!" आणि माझ्या मनात मात्र एकच येतं. हिला ऐकू येतं ना?

*

दुरुस्तीपेक्षा टोन सुधारायलाच लोक जास्त येतात. गिटारवाल्यांना आवाज फाटलेला हवा असतो, पण नीट फाटलेला! सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर कानाला लावून बाहेर आल्या.

"आमचा रेडिओ असा फाटला तवा तुझ्या बापानं माळ्यावर टाकला. आनि ही पोरं मुद्दाम फाडून नेतात?"

हे म्हणाले, "आई, त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात."

"म्हना काय पन. फाटला तो फाटलाच!"

*

निर्मळचा ग्लेन लग्नांत गिटार वाजवतो. त्याला टोन कसा हवा ते सांगता येईना. "भाऊ, थोडा क्रीमी, पण बाइट पाहिजे. खालच्या जाड सुरांचा गिचका नको." ह्यांनी नुसतं डोकं खाजवलं.

तेवढ्यात आत सासूबाईंनी तव्यावर बोंबील सोडला. चर्र! ग्लेन उडालाच. "हाच! आंटी, हाच टोन!"

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "हा पयल्या बोंबलाचा. चौथ्याला तेल थंड होतं, मग नुसतं भस्स!"

आता ग्लेनचा फोन येतो तोच मुळी असा, "भाऊ, चौथा बोंबील येतोय, बघा ना जरा."

*

ह्या अँपच्या डब्यात प्लग काढल्यावरही करंट साठून राहतो, हे मला लग्नानंतर कळलं. बाळ झाल्यावर तर माझी झोपच उडाली. मी नियम केला. ह्यांनी आतला करंट उतरवायचा, मीटरवर शून्य दाखवायचं, मगच सईला हात लावायचा.

एकदा धाकटे दीर ऑफिसातून आले आणि सरळ सईकडे वळले. मी ओरडले, "आधी मीटरवर दाखवा!"

बिचारे बॅग खांद्याला तशीच ठेवून मीटरसमोर उभे राहिले!

*

एका अँपमधून उगाच घूं घूं यायची. हे बाहेर खटपट करत होते, मी दारापाशी अंगाई म्हणत होते. मी वर सूर लावला की स्पीकरही माझ्याबरोबर घूं! थांबले की हळूच थांबे. ह्यांनी पेन्सिलीने एकेक वाल्व्ह टकटक करून बघितला. एक वाल्व्ह आतून सैल झाला होता, खोलीतला आवाज पकडत होता. तो बदलला. "आता गा."

गायले. स्पीकर गप्प.

मी म्हटलं, "तुम्हाला बरं वाटलं असेल. माझं गाणं मात्र तो वाल्व्ह तरी ऐकत होता."

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सईला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी कानाची तपासणी लिहून दिली, सोमवारचा नंबर मिळाला. बाहेर कुणाला सांगितलं नाही. सासूबाई मला धीर देत होत्या, "ऐकते गो ती. मनावर घेत नाय. बापावर गेलीय!"

*

रविवारी दुपारी ग्लेन पुन्हा हजर. संध्याकाळी लग्न, आणि टोन अजून गिचकाच. हे म्हणाले, "आपण फाटल्यावर साफ करत बसलोय. फाटायच्या आधीच जाडा आवाज कमी करून बघू." एक छोटा कपॅसिटर काढला, त्याहून छोटा लावला, डबा बंद केला. सई आत पाळण्यात गाढ.

ग्लेनने तार छेडली. चर्रर्र!

आतून टाहो! मी धावले. सईने दोन्ही हात वर फेकले होते, तोंड लालबुंद.

"रडली! अहो, रडली!"

सासूबाई दाराशी आल्या. "ग्लेन, परत वाजव बाबा!"

ग्लेनने घाबरत परत वाजवलं. सईने दुप्पट सूर लावला. मी हसतेय आणि रडतेय, सासूबाई देवापुढे हात जोडून उभ्या, आणि हे बाह्यांनी डोळे पुसतायत.

ग्लेनने गिटार खाली ठेवली. चेहरा एवढासा झाला होता.

"भाऊ," तो म्हणाला, "एवढा वाईट आलाय का?"