कानाला कान

देशमुखाच्या पोरानं माझ्या कानातली बुगडी अशी वढली, की कानाचा काठच फाटला. "मांगिणीच्या कानात सोनं कशाला?" येवढंच बोलला. बुगडी खिशात घातली न गेला. चावडीवर माणसं बसलेली. कोणी उठलं न्हाई. रगत गळ्यापस्तोर उतरलं.

दुसऱ्या दिवशी गेवराईहून निजामाचा अमीन आला. पोलिसांचा सायेब. देशमुखाच्या ओट्यावर बसलेला. घरधनी म्हणला, "जाऊ नको." मी गेले. खाली अंगणात उभी ऱ्हायले, कान दाखवला.

अमीन म्हणला, "कान के बदले कान. यही इन्साफ है."

मला वाटलं, कायदा आपल्यालाबी हाय.

देशमुख लई शांत माणूस. "मंजूर," म्हणला. आन् हाक मारली. मला वाटलं पोरगा म्होरं येईल. आली सोनी. त्यांच्या गोठ्यात शेण काढणारी, आमच्याच वस्तीतली.

"हिचा घे. माझ्या घरचाच कान हाय."

अमीन हसला. देशमुखानं अडकित्ता माझ्या पायाशी फेकला. पोरगा ओट्यावर सुपारी चघळत व्हता.

सोनीनं पदर मागं सारला. हळूच म्हणली, "अक्का, कर लवकर. तू न्हाई केलं तर हे करतील. आन् कानावर थांबायचे न्हाईत."

तवा कळलं. ह्यांच्या कायद्यात फाटायचा कानबी आमचा, फेडायचा कानबी आमचाच.

मी अडकित्ता उचलला. ओट्याच्या कडेला गेले. पोराचा हात आपसूक कानावर गेला. तेवढं बघितलं न अडकित्ता त्याच्यापुढं ठिवला.

"ज्यानं फाडला त्याचा कान. दुसऱ्या कुणाचा मला नको."

सोनीचा हात धरून निघाले. मागून देशमुख तितक्याच शांतपणी म्हणला, "वस्तीवर गवताचीच छपरं हायेत ना?"

दिवस मावळायच्या आत वाटंवर त्यांचे गडी येऊन बसले. घरधनी म्हणला, पाटोद्याला भावाकडं जाऊ. म्हणलं, तू जा. मी न सोनीनं माझं छप्पर आमच्याच हातानं उतरवलं, गवत वढ्यात टाकलं. बघून शेजारच्यांनीबी उतरवलं. जाळायला काई ठिवलंच न्हाई. उघड्या भिंतींत ऱ्हायलो.

सोनी त्या गोठ्यात परत गेली न्हाई. तो अमीन बदलून गेला, दुसरा आला. मी त्याच्याबी पुढं उभी ऱ्हायले. पुढचा येईल, त्याच्याबी पुढं जाणार. देशमुखाचा पोरगा गुन्हेगार म्हणून अंगणात खाली, माझ्यासमोर उभा ऱ्हायला पायजे. तो स्वतः. त्याच्या बदल्यात दुसरं कुणी मी घेणार न्हाई.