पडद्यामागचा शहाता

तांता शहरातल्या आमच्या तेलघाण्यांच्या गल्लीत काही लपून राहत नाही. कोणाकडे कांदा करपला, हे तिसऱ्या दारात कळतं. अशा गल्लीत शलबी इस्त्रीवाल्याने अख्खा एक माणूस बनवून लोकांच्या गळी उतरवला. याचं श्रेय शलबीच्या थापेबाजीला द्यायचं कारण नाही. ते त्याच्या मुलीच्या, रतीबाच्या, उजव्या पायाला द्यायचं.

कारण आमच्याकडे इस्त्री पायाने करतात. बुटक्या मेजावर गलाबिया, म्हणजे आमचा पायघोळ झगा, अंथरायची, तोंडात पाणी भरून तिच्यावर फवारा मारायचा, शेगडीवर तापलेलं लोखंडाचं धूड ठेवायचं, त्याच्या लाकडी ठोकळ्यावर एक पाय रोवायचा आणि लांब दांडा हाताने वळवत ते धूड फिरवायचं. दुसरा पाय बिचारा दिवसभर एकटा उभा. शलबीने अशी उभी हयात काढली आणि एके दिवशी त्याचा गुडघा जो रुसला तो रुसलाच.

मोठा मुलगा म्हणाला, दुकान विका आणि माझ्याकडे या. त्याच्याकडे म्हणजे त्याच्या बायकोकडे. ती बाई साखर मोजून चहा देते. रतीबा तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, खळखळून हसणारी. तिने वहिनीच्या हाताखाली म्हातारं होण्याची कल्पना करून पाहिली आणि तिला घाम फुटला.

"बाबा, पडदा लावा," ती म्हणाली. "तुम्ही पुढे बसून कपडे घ्या. मी मागे इस्त्री करते."

"बाईचा पाय पुरुषांच्या गलाबियांवर? अगं, मुअल्लिम हरीदी मला शेगडीवर बसवेल."

हरीदी हा समोरच्या कॉफीखान्याचा मालक, म्हणून त्याला मुअल्लिम म्हणायचं. बायकोची चप्पल चुकून कपड्याला लागली तर तो कपडा पुन्हा धुवायला लावणारा. गल्ली त्याच्या तोंडाकडे बघून चालायची. त्याने कपडे बंद केले असते, तर बाकीच्यांनीही केले असते, आणि मग वहिनीची साखर ठरलेली.

म्हणून पडदा लागला आणि त्यामागे शलबीचा पुतण्या शहाता जन्माला आला. गावाकडून आलेला. भयंकर लाजाळू. माणसांसमोर आला की घेरी येते म्हणे.

रतीबाला सुताची नस लहानपणीच कळली होती. कोरडं सूत इस्त्रीला दाद देत नाही, उलट चकाकतं आणि चिडून पिवळं पडतं. गडद रंग उलट बाजूने, कॉलर टोकाकडून आत, आणि खळ अंगावर मोडेल इतकी नाही, नुसती ताठ मान ठेवील इतकीच. आठवड्याभरात हरीदी बाही चाचपत आला. "शलबी, राग मानू नकोस, पण पुतण्या तुझ्यापेक्षा सरस आहे. तू काखेत चुण्या ठेवायचास."

शलबीला धड हसता येईना, धड रडता येईना. पडद्यामागे रतीबाच्या तोंडात पाणी भरलेलं होतं, ते हसू फुटून थेट भिंतीवर गेलं.

"काय झालं रे त्याला?"

"शिंकला," शलबी म्हणाला. "गावचा आहे, शिंका मोठ्या असतात."

पण शहाताचं नाव झालं तसा घोटाळाही वाढला. लग्नाच्या मुली असलेल्या आयांना न दिसणारा जावई फार आवडतो, त्यात खोट काढता येत नाही. कोणी भरलेली कबुतरं पाठवली, कोणी पुदिन्याचा चहा. घाणीवाल्या बदवीची आई, उम्म बदवी, दर मंगळवारी रव्याच्या गोड बसबूशाची परात आणायची, वर तूप इतकं की बोटं बुडावीत. तिला धाकट्या लेकीसाठी शहाता हवाच होता.

"खातो का रे नीट?" ती शलबीला विचारायची.

"परात चाटतो," शलबी सांगायचा, आणि ते अगदी खरं होतं. रतीबाचे गाल दिसामासी वर येऊ लागले होते.

"अगं, निदान कमी तरी खा," तो आत जाऊन कुजबुजायचा. "सोयरीक जमेल अशाने."

"कबूल करून टाका, बाबा. मला मुलगी पसंत आहे."

बापलेक तोंडात फडकं कोंबून हसायची. शलबीला रात्री मात्र झोप लागत नसे.

मग बदवीचं लग्न आलं. बदवी म्हणजे तिळाच्या घाणीवरचा दांडगा गडी, पोट त्याच्या अर्धं पाऊल पुढे चालायचं. त्याच्यासाठी उत्तम पांढरं सुती कापड आणलं, आणि उम्म बदवीने घाई करून शिंप्याला ते न भिजवताच कापायला लावलं. गलाबिया झाली बेतशीर. पण लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारीण ती बघून म्हणाली, "काय कापड आहे गं." एवढंच म्हणाली. देवाचं नाव घेतलं नाही.

आता नजर लागली म्हणजे लागली. दुसरी एखादी धूप फिरवून गप्प बसली असती. उम्म बदवीने नव्या कोऱ्या गलाबियेला तुरटी आणि मूठभर मीठ घालून चुलीवर रटारटा उकळलं. नजर उतरली की नाही देव जाणे, गलाबिया मात्र चांगलीच उतरली.

लग्नाच्या दिवशी दुपारी ती दुकानात आली, मागे सगळ्या मावश्या आणि आत्या. तिने गलाबिया उलगडून धरली. ती बदवीच्या पोटऱ्यांपर्यंत येत होती आणि पोटावर तर बसतच नव्हती.

"शलबी, संध्याकाळी वरात आहे. नवरीचे भाऊ काय म्हणतील? नवरा नदीत मासे धरायला निघालाय म्हणतील. शहाताला सांग, काहीतरी कर."

शलबी घाईने म्हणाला, "नाही होणार. आटलेलं सूत परत येत नाही." त्याला पडदा वाचवायचा होता.

रतीबा आतून ऐकत होती. येतं, हे तिला माहीत होतं. ओलं असताना, गरम इस्त्रीखाली, चहूबाजूंनी ताणून धरलं तर सूत जागेवर येतं. धुतलं की पुन्हा आटेल, पण आजची संध्याकाळ निभावेल. फक्त ताणायला हात हवेत, आणि पडद्यामागे मेज आणि ती एवढंच कसंबसं मावत होतं. गप्प बसली तर गुपित राहणार होतं आणि बदवीची फजिती होणार होती. इतक्या मंगळवारांचा बसबूसा तिच्या पोटात होता. तिने पडदा बाजूला सारला.

"येतं, मावशी. मेज बाहेर घ्या."

सगळे तिच्यामागे बघू लागले. मागे कोणी नव्हतं.

"शहाता कुठे आहे?" उम्म बदवीने विचारलं.

"मीच."

शलबीने मान खाली घातली. समोरून हरीदी उठून आला, ढिगातून स्वतःचं बोचकं काढलं आणि काखेत मारून परत गेला. दुसऱ्या दोघांनीही आपापली बोचकी उचलली. रतीबाने गेलेली बोचकी मोजली. झालं, आता वहिनी.

उम्म बदवी तिला आपादमस्तक न्याहाळत होती. "इतके दिवस सगळी इस्त्री तूच करत होतीस?"

"हो."

"आणि बसबूसा?"

"तोही मीच खाल्ला."

मावश्यांच्या घोळक्यात कोणीतरी खुदकन हसलं. उम्म बदवीचा ओठ थरथरला, आधी रागाने, मग तिलाही आवरेना. "मेले, माझ्या तुपावर पोसलाय हा पाय. आता बघतेच कसं होत नाही ते. बायांनो, मेज उचला."

मेज गल्लीच्या मधोमध आलं. गलाबिया भिजवून पिळली. रतीबाने ती मेजावर अंथरली.

"नीट ऐका. सुताकडे आहे तेवढंच आहे. लांबीला ओढलं तर रुंदी जाते. पोटाशी आडवं ओढा, गुडघ्याखाली उभं. सावकाश. हिसका दिला तर धागा तुटेल."

"पोटाला जास्त बाया लावा," एक आत्या म्हणाली, "मी त्याला वाढवलंय, मला माहीत आहे."

बाया ओढू लागल्या. वाफ उठली. इस्त्री सरकेल तशी रतीबा ओरडायची, "पोट, ढील. घोळ, ओढा." शलबीही उठला. पाय गेला होता, गाल शाबूत होते. लंगडत मेजाभोवती फिरून तो पाण्याचे फवारे मारू लागला, आणि निम्मं पाणी मावश्यांवर पडू लागलं. कोणीतरी डबा बडवायला लागलं, कोणी किलकाऱ्या सोडल्या, एक मावशी हसता हसता खाली बसली आणि बसल्या बसल्याच घोळ ओढत राहिली. रतीबा एका पायावर उभी, घामाने निथळत, आणि तिला इतकं हसू येत होतं की दांडा हलत होता. पडद्यामागे एकटीने हसण्यापेक्षा हे फार बरं, हे तिला तिथेच कळलं.

गलाबिया घोट्यापर्यंत आली. थोडी रांजणासारखी दिसत होती, पण बदवीही तसाच दिसायचा. ती त्याच्या पोटावरून सुखरूप उतरली तेव्हा गल्लीने श्वास सोडला.

"आज बसायचं नाही," रतीबाने बजावलं. "वाकायचं नाही. आणि रडायचं असेल तर बाजूला बघून रड, कापड ओलं करू नकोस."

ढोल सुरू झाले. सगळे तयार व्हायला पळाले. तेवढ्यात हरीदी दुकानासमोर येऊन उभा राहिला. अंगावर रोजचीच मळकी गलाबिया, आणि लग्नाची ठेवणीतली काखेतल्या बोचक्यात, चुरगळलेली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जणू काही घडलंच नाही अशा गुर्मीत विचारलं, "शलबी, पुतण्या कुठे आहे तुझा?"

गल्ली थबकली. शलबीने रतीबाकडे पाहिलं. आजवर तोंडातून थाप निघायला त्याला कधी वेळ लागला नव्हता. आता लागला.

"पुतण्या नव्हताच, मुअल्लिम," तो म्हणाला. "ही माझी मुलगी. काम हिचं आहे."

हरीदी ढोलाकडे बघत राहिला. वरात कोपऱ्यावर येऊन ठेपली होती आणि सगळी गल्ली कडक इस्त्रीत होती. त्याने बोचकं सोडलं, गलाबिया झटकली आणि स्वतःच्या हाताने मेजावर पसरली.

"काखेत चुण्या नकोत," तो म्हणाला.

रतीबाने गाल फुगवून फवारा मारला आणि सगळ्या गल्लीदेखत पाय रोवला.