पाचवं वर्तुळ

विनायक गेल्याची बातमी मला टांगेवाल्याने दिली. मुरारहून सवारी घेऊन तो दौलतगंजात आला होता. मी दारातच उभा दिसलो, तसा लगाम आवरून म्हणाला, "बाबूजी, वो पैमाइशवाले साहब नहीं रहे." त्याच टांग्यात बसून मी मुरारला गेलो. दफनाच्या वेळी पाद्रीसाहेबांचं भाषण लांबलं. दरबारातर्फे आलेल्या लाल पगडीने घड्याळ दोनदा पाहिलं, आणि मनात आलं, ही गंमत विनायकला सांगायला हवी...

त्याला आता दीड महिना होईल.

आम्ही दोघेही दरबारच्या नोकरीतले. तो मोजणी खात्यात, मी दप्तरखान्यात. दसऱ्याच्या दरबारात भाड्याची तलवार कमरेला अडकवून आम्ही अगदी शेवटच्या रांगेत उभे राहत असू. तिथून महाराज कधी दिसले नाहीत, पुढच्या माणसाच्या पागोट्याची मागची बाजू तेवढी दिसे. त्या रांगेतच आमची मैत्री झाली. पुढे विनायकने बाप्तिस्मा घेतला. नाव मात्र तेच ठेवलं. म्हणाला, प्रभूला जुना पत्ता सापडतो. त्याच्या आईला काही तो सापडेना. तिने दार लावून घेतलं ते कायमचं. आमच्या घरीही त्याचा कप वेगळा कोनाड्यात गेला. मी माझाही कप उचलून त्याच्याशेजारी ठेवला. त्याला मात्र एकच अट घातली.

"मला तुझ्या देवाकडे न्यायचं नाही."

"शब्द दिला, बापू," तो म्हणाला.

तो शब्द त्याने एकोणीस वर्षं पाळला, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो. दर रविवारी प्रार्थना आटोपून तो मुरारहून माझ्याकडे चहाला येई, पण त्याच्या धर्माचं एखादं चोपडंसुद्धा कधी विसरून गेला नाही.

त्याची एक रीत होती. नाताळानंतरचा आठवडाभर तो पहाटे उठून प्रार्थना करी आणि मग वर्षासाठी पाच संकल्प कागदावर लिही. मी त्याला म्हणे, आम्हीही संकल्प सोडतो, पण पळीभर पाण्याबरोबर. जपून ठेवत नाही. त्यावर तो शांतपणे सांगे, "मला काय हवंय ते मी लिहीत नाही रे. माझ्याकडून काय हवंय ते विचारतो, आणि मग लिहितो." प्रत्येक संकल्पापुढे तो एक पोकळ वर्तुळ काढी. त्याच्या कचेरीत नकाशावर दुरून नुसतं पाहिलेलं ठिकाण तसं दाखवत आणि पाय लावून आलं की वर्तुळ शाईने भरत. नववर्षाच्या दुपारी माझ्याकडे येऊन तो चार संकल्प वाचून दाखवी. तपकीर सोडणे. हाताखालच्या माणसांवर न ओरडणे. आईला दरमहा पत्र, उत्तर आलं नाही तरी. हे पत्राचं वर्तुळ दरवर्षी भरलेलं असे, तपकिरीचं कधीच नाही. पाचवा संकल्प तो वाचत नसे. कागद दुमडून खिशात घाली. "हा माझ्यातला आणि त्याच्यातला," म्हणे. मला वाटे, बढतीचा असेल. संतांनाही बढती लागतेच.

यंदाच्या नववर्षाला त्याने चार वाचले आणि कागद न दुमडता तसाच टेबलावर राहू दिला. "यंदा चारच," म्हणाला. मी विचारलं, तुझ्या प्रभूचं काम कमी झालं वाटतं? तो हसला, पुष्कळ वेळ खोकला, आणि आणखी चहा मागितला.

गेल्या आठवड्यात त्याच्या पत्नी मार्थावहिनी बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. त्यात ते सगळे कागद होते. मी एकेक उघडत गेलो. पाचव्या ओळीत दरवर्षी तेच, त्याच्या त्या नेटक्या अक्षरात: 'बापूला प्रभूच्या पायाशी आणणे.' पुढे पोकळ वर्तुळ. अठरा कागद, अठरा पोकळ वर्तुळं.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"ते रोज सकाळी तुमचं नाव घ्यायचे, भाऊजी. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल."

त्या गेल्यावर मी डबा बंद केला आणि कोनाड्यातला त्याचा कप उचलून अडगळीत टाकला. ज्याच्यासाठी मी गल्लीची बोलणी खाल्ली, त्याच्या यादीत मी तपकिरीच्या खाली लिहिलेलं एक राहिलेलं काम होतो! तोंडाने शब्द पाळला आणि कागदावर मोडला. सक्ती नाही, उपदेश नाही. नुसता दर रविवारी समोर बसून, चहा पीत, वाट पाहत होता. मी बोलत होतो मित्राशी. तो कुणाशी बोलत होता, कोण जाणे.

मग एकोणिसावा कागद पुन्हा काढला. चार ओळी, चार वर्तुळं, खाली कोरी जागा. मला कुणी वगळलं, त्याने की त्याच्या देवाने? लिहिलं म्हणून राग होताच, आता गाळलं म्हणूनही आला. दोन्ही राग अजून आहेत. एकही सोडायचा माझा संकल्प नाही.

पण एक गोष्ट काही केल्या जागेवर बसत नाही. या शेवटच्या वर्षी त्याला टांग्यात चढताना धाप लागे. तरी मुरारहून एकही रविवार चुकला नाही. त्या येण्याचं कारण या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. मी चारही ओळी पुन्हा पुन्हा वाचून पाहिल्या.

कप काल परत कोनाड्यात ठेवला. त्याच्याशेजारी माझा होताच.