दादांनी खुडलेली पानं

भाची शिकायला जर्मनीला निघाली, तेव्हा तिची चिंचिला आमच्याकडे देवासला आली. खारीपेक्षा मोठी, सशापेक्षा लहान. राखाडी ढगाचा तुकडा तोडून कुणी पिंजऱ्यात ठेवावा तशी. थंड डोंगरांतला हा प्राणी, माळव्याचा उन्हाळा त्याला कसा सोसणार? म्हणून एसीची जी एकुलती एक खोली होती, दादांची, तिथंच तिचा पिंजरा लागला.

दादा म्हणजे माझे वडील. घरात आम्ही दोघंच. मी शाळेत हिंदी शिकवते. दादा निवृत्त होऊन जमाना झाला, आणि अलीकडे त्यांचं मन आजच्या दिवसात फार वेळ थांबत नाही. ते बहुतेक धारला असतात. खुर्ची देवासची, खिडकी देवासची, पण ते स्वतः लहानपणीच्या धारमध्ये, तलावाच्या काठी, घरामागच्या सशांच्या खुराड्यापाशी. मला ते पुष्कळदा अक्का म्हणतात. अक्का त्यांची थोरली बहीण, आता हयात नाही. आधी मी चूक दुरुस्त करत असे. मग सोडून दिलं. अक्का म्हणताना त्यांचा आवाज इतका निवांत होतो, की आपण मध्ये पडावंसं वाटत नाही.

दुपारी पडदे ओढले, की त्या खोलीत पाण्याखाली असल्यासारखा हिरवट उजेड असे. एसीची घरघर चाले, चिंचिला वाळलं गवत कुरतडत बसे आणि दादा तिला जुन्या दरबारी थाटात विचारत, "काय बाईसाहेब, आज स्वारी कुठं?" बाईसाहेब मिशा हलवत. मी दारात उभी राहून ऐकत असे आणि मलाही क्षणभर कळेनासं होई, की कुठलं गाव, कुठलं साल.

वैशाखातल्या अशाच एका दुपारी मी पन्हं घेऊन खोलीत गेले. पिंजऱ्याचं दार उघडं होतं. चिंचिला दादांच्या मांडीवर होती, पण तिचं बसणं नेहमीचं नव्हतं. हनुवटीखालची लव ओली चिप्प झाली होती. पुढचे इवले पंजे ती पुन्हापुन्हा तोंडावर घासत होती, काहीतरी पुसून टाकायचंय आणि ते निघत नाहीये, अशी. दादांच्या पायाशी मनी प्लांटची पानं पडली होती. खिडकीतल्या कुंडीतली वेल बोडकी दिसत होती.

"दादा, हे तुम्ही दिलंत तिला?"

"सशांना हिरवं नको का, अक्का?" ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तू नुसतं वाळलेलंच घालतेस."

माझ्या हातातला पेला कुठं ठेवला ते मला आठवत नाही. मनी प्लांटचं पान जनावरांना बाधतं एवढंच कुठंतरी ऐकलेलं होतं. भाचीनं जाताना इंदूरच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला होता. असले वेगळे प्राणी त्या बघतात. मी फोन लावला. हातात दुधाची वाटी घेऊनच.

"थोडा दूध दे दूँ? या नमक का पानी, कि उल्टी हो जाए?"

"दोनों नहीं," त्या ठामपणे म्हणाल्या. "चिंचिला उल्टी कर ही नहीं सकती. घर का कोई इलाज मत कीजिए."

मग त्या एकेक गोष्ट सांगत गेल्या आणि मी करत गेले. उरलेली पानं तिच्यापासून दूर करायची, पण फेकायची नाहीत. एक सोबत आणायचं. ओल्या कापसानं ओठ हळूच पुसायचे, तोंडात पाणी ओतायचं नाही, ते छातीत जाऊ शकतं. आणि येताना तिला ऊन लागू द्यायचं नाही, कारण उष्मा तिच्यासाठी पानाइतकाच वाईट. "घबराइए मत, बस निकल आइए," त्या शेवटी म्हणाल्या.

शेजारच्या भियांनी, इकडे भाऊंना भियाच म्हणतात, गाडी काढली. मी सांगण्याआधीच एसी लावून ठेवला. फ्रिजरमधली बर्फाची बाटली मी टॉवेलात गुंडाळली आणि चिंचिलाला न्यायच्या जाळीदार खोक्याला आतून टेकवून ठेवली. दादांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. ते मागं बसले आणि दोन्ही हात पुढं केले. मी खोकं त्यांच्या मांडीवर दिलं.

देवासची देवीची टेकडी मागं पडली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गहू निघून गेलेली शेतं, त्यांच्यावर ऊन इतकं पांढरं की लांबची झाडं जमिनीपासून सुटून हवेत उभी आहेत असं वाटावं. खोक्यातून पंजे घासल्याचा बारीक आवाज येई, आणि तो थांबला की मी मागं वळून बघे. दादा जाळीतून आत बघत गुणगुणत होते, ओळखीचं असं काही नाही, नुसता सूर. मधेच म्हणाले, "तलाव आला की सांग हं." मी हो म्हटलं. त्या उन्हात पुढं खरंच पाणी चमकत होतं आणि आम्ही जवळ गेलो की नाहीसं होत होतं.

डॉक्टरबाईंनी पान पाहिलं, चिंचिलाचं तोंड उघडून आत उजेड टाकला. जीभ लाल झाली होती. "कितना खाया? पूरे पत्ते निगले?"

मला काय ठाऊक? मी पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात पाठीमागून दादा म्हणाले, "मैंने दिए."

मी वळले. ते माझ्याकडेच बघत होते, अगदी आत्ताच्या, इथल्या नजरेनं.

"कोवळी पानं टोकाशी कुरतडली तिनं. मोठं एक चावून बघितलं आणि टाकून दिलं. तोंड वाकडं केलं बिचारीनं." मग माझं नाव घेऊन म्हणाले, "सांग त्यांना. फार गिळलेलं नाही."

मी हिंदीत सांगितलं. डॉक्टरबाई मोकळ्या झाल्यासारख्या दिसल्या. वेलीच्या रसानं तोंड पोळतं, त्या म्हणाल्या. पोटात थोडंच गेलं असेल तर निभावेल. त्यांनी दुखणं कमी व्हायचं औषध दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं. खरी भीती पुढची होती. दुखतंय म्हणून ती खाणं सोडेल, आणि खाणं थांबलं की तिची आतडी थांबतात. पिठासारखं खाद्य कालवून सिरिंजनं भरवायचं, गालाच्या कडेनं, थेंबाथेंबानं. आणि लेंड्यांवर लक्ष ठेवायचं.

परत येताना दादा पुन्हा धारला निघून गेले होते. खोक्यावर हात ठेवून झोपले.

संध्याकाळी भाचीला कळवलं. ती रडली, मग विचारलं, "आजोबा ठीक आहेत ना?" त्या प्रश्नासाठी मला ती फार आवडली. सिरिंजचा पहिला घास चिंचिलानं थुंकला, दुसराही. पुढं कधीतरी तिचा जबडा हलायला लागला.

सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी लेंड्या पडलेल्या होत्या, काळ्या, कोरड्या, तांदळाच्या दाण्यांएवढ्या. शाळेत शिकवणारी बाई मी, जमिनीवर मांडी घालून त्यांच्याकडे बघत हसत बसले. दादांनी विचारलं, काय झालं? "काही नाही, बाईसाहेब बऱ्या झाल्या," मी म्हटलं. "आजारी होत्या?" त्यांनी काळजीनं विचारलं.

मी त्यांना काही सांगितलं नाही. वेल भियांच्या अंगणात गेली, पिंजऱ्याच्या दाराला दुसरी कडी लागली. आणि आता रोज दुपारी मीच दादांच्या हातात गवताची मूठ देते, त्यांनी भरवावं म्हणून.

चांगली बरी झाल्यावर मी तिला अंघोळीची परात दिली. ही जात पाण्यानं नाही, मऊ मातीनं नाहते. ती त्या धुळीत लोळली, उलटली, गिरकी घेऊन पुन्हा लोळली. पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ सोनेरी होऊन तरंगत राहिली. दादा पुढं वाकून बघत होते. त्यांनी माझी बोटं धरली. त्या वेळी मी कोण होते त्यांच्यासाठी, अक्का की मी, हे विचारावंसं वाटलं नाही. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.