लाल डोळ्यांचा ड्रायव्हर

बस आगारात सगळे तिला किल्लीबाई म्हणत. खिडकीत बसायचं, ड्रायव्हर आला की यंत्रात फुंक मारायला लावायची, दारू निघाली नाही की बसची किल्ली हातावर ठेवायची, एवढंच काम. पण गांजा कायदेशीर झाला, चौकात ठसठशीत पाटी लावून दुकान उघडलं आणि बाईचं डोकं फिरलं. यंत्राला दारू कळते, गांजा कळत नाही. मग तिनं स्वतःच नियम काढला: खिडकीशी वाकायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं, मगच किल्ली. साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या बापाचं काय जात होतं?

टीव्हीवर तावातावानं वाद चालायचा. ज्याला ओढायचंय तो ओढेल, दुसऱ्याला काय त्रास, असं कुणी म्हणालं की ती टीव्ही बंद करून टाकायची. गच्च भरलेली बस उतारावरून न्यायची वेळ या शहाण्यांवर कधी येत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आणि घरातच आग. तिचा धाकटा भाऊ त्याच आगारात ड्रायव्हर होता. आईही त्याच्याचकडे राहायची. एकदा जेवताना तो सरळ म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी ओढतो मी. कायद्यानं चालतं. तुझ्या का पोटात दुखतं, ताई?"

"बस चालवणाऱ्यानं ओढायचं नाही."

"कामावर येताना कधी ओढलाय?"

"सगळे असंच म्हणतात."

त्या दिवसापासून दोघांत विस्तव जात नव्हता. आई बिचारी आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून गप्प बसायची.

मग एका सकाळी भाऊ खिडकीशी वाकला. डोळे लालबुंद.

"झोप झाली नाही," तो म्हणाला.

"झोप झाली नाही, का उतरली नाही?"

मागची रांग खो खो हसली. भावाचा चेहरा पडला, मग ताठरला. "किल्ली दे," एवढंच तो बोलला. तिनं दिली नाही. साहेबांना बोलावलं आणि साहेबांनी त्याला तपासणीला पाठवलं.

त्याच्या बसची किल्ली मागच्या ड्रायव्हरला मिळाली. गोड बोलणारा माणूस. "कशा आहात, मावशी?" म्हणत वाकला, डोळे धुतल्यासारखे पांढरे स्वच्छ. किल्लीबाईला बरं वाटलं. दुपार व्हायच्या आत ती बस उतारावरच्या थांब्यात घुसली. थांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईचा पाय गुडघ्यापासून गेला. ड्रायव्हरच्या खिशात डोळ्यांची लाली घालवणारं औषध सापडलं आणि सीटखाली अर्धवट ओढलेली गांजाची विडी.

भावाच्या तपासणीतही गांजा निघाला. तो त्या सकाळचा की गेल्या सुट्टीचा, हे कुणालाच सांगता येईना. ओढल्यावर कितीतरी दिवस अंगात राहतो म्हणे. आगाराला अपघातानंतर कुणाला तरी हाकलायचंच होतं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. दोघांचीही नोकरी गेली.

त्याच संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. वाटेत दुकानाला, कायद्याला, त्या गोडबोल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. आपण चुकलो, असं तिला अजूनही वाटत नव्हतं. डोळे लाल होतेच ना?

दार आईनं उघडलं. भिंतीला धरून उभी होती, एकेका शब्दाला दम लागत होता.

"हे कधीपासून?" किल्लीबाई घाबरून म्हणाली.

"काल रात्रीपासून. पाठीवर पडवत नव्हतं. पोरगं सकाळपर्यंत मला टेकवून बसलं होतं."

"मग तो बोलला का नाही मला?"

"तू विचारलंस?"

आतून भावाचा आवाज आला. "आई, दार लाव. वारा लागेल तुला."

आईनं लेकीकडे नीट पाहिलं आणि दार लावून घेतलं.