खरं-का बाई

कोणी काहीही सांगितलं की बाई आधी मान तिरकी करायच्या आणि विचारायच्या, "खरं का?" मंगरूळपीरजवळच्या त्या लहानशा गावात मुलींच्या शाळेवर त्या नव्याने आल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचं नाव पडलं, खरं-का बाई.

गाव तरी कुठे कमी संशयी होतं! अमरावतीकडची एकटी बाई, सासर-माहेर कोणाला ठाऊक नाही, आणि दारोदार फिरून विचारते, घरात मुली किती? "हिले आपल्या पोरी कायले पायजे?" विहिरीवर बायका कुजबुजत. कोणी म्हणे, नागपुराकडे नेऊन विकते. बाई दिसल्या की मुली कोठीमागे दडवल्या जात. "पोरगी मामाच्या गावाले गेली," असं सांगितलं की बाई ओट्यावर बसकण मारत. "येईल की. थांबते मी." कोठीमागून शिंक येईपर्यंत त्या उठत नसत. तापाचं निमित्त सांगणाऱ्या एकीला त्यांनी शेतात गाठून कपाळाला हात लावला. "तुझा ताप कापूस वेचायला येतो होय?"

एवढं करूनही मुली मोजक्याच. अशात बातमी आली, साहेब तपासणीला येणार, पट कमी दिसला तर शाळा बंद. मुलांची आणि मुलींची अशा दोन्ही शाळा सांभाळणाऱ्या हेडमास्तरांनी बाईंना न विचारता शेजारच्या आमच्या वाडीतून बैलबंडीभर मुली आणवल्या. त्यात मी होते. गूळ मिळेल, गप बसा, एवढंच आम्हाला सांगितलं होतं.

साहेब खूश झाले. "वा! सगळ्या तुमच्याच मुली?"

हेडमास्तर बाईंकडे डोळे वटारून बघत होते.

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "ह्या आजच्यापुरत्या आणल्यात." मग माझ्यासमोर उकिडव्या बसून म्हणाल्या, "पण उद्यापासून येशील का गं?"

मी मान डोलावली.

संध्याकाळी बाई पायी वाडीवर आल्या. बाबांनी त्यांना आत बोलावलं नाही. "खोटं बोलल्या असत्या तं शाळा वाचली असती. काहून नाई बोलल्या?"

"मग आज तुमच्या दारात कोणत्या तोंडानं आले असते?"

त्या गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "साह्यबापुढं खोटं बोलली नाई, ते आपल्याले कायले फसवीन?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच बंडी जुंपली. शेजारच्यांच्या मुलीही चढल्या.

साहेबांनी वर्षाची मुदत दिली होती. वर्ष सरता सरता बसायला तरटं पुरेनात. शाळा टिकली, पण हेडमास्तर तो दिवस विसरले नव्हते. तक्रारी वर गेल्या आणि बाईंची बदली पार लांब झाली.

मोटारीपाशी वाडीच्या बायका जमल्या. आईनं भाकरीचं गाठोडं बाईंच्या हातात दिलं. "बाई, धाकटीले कवा धाडू शाळेत?"

धाकटी तिच्या कडेवर अंगठा चोखत होती. बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

"पाय फुटले की," त्या म्हणाल्या, आणि मोटारीत चढल्या.